केबल कोण लावणार?

जर्मनीत काही गाड्यांच्या नंबरप्लेटच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर असतं. विजेवर चालणाऱ्या गाडीची ती खूण. अशा गाडीला पालिका पार्किंगमध्ये किंवा राखीव मार्गिकेत सवलत देऊ शकते. २०१५च्या कायद्याने ही सोय प्लग-इन हायब्रिड गाड्यांनाही दिली, म्हणजे ज्यांत पेट्रोल इंजिन आहे, पण बॅटरी सॉकेटला लावून चार्जही करता येते अशा गाड्यांना. अट दोनांपैकी एकच पुरी करायची. एक तर किलोमीटरमागे ५० ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडायचा नाही, नाहीतर नुसत्या विजेवर ठरावीक अंतर जायचं. हे अंतर आधी ३० किलोमीटर होतं, २०१८पासून ४० झालं. बीएमडब्ल्यूची आय-एट ही प्लग-इन स्पोर्ट्स कार मूळ बॅटरीवर ३७ किलोमीटर जायची, त्यामुळे २०१८नंतर ती दुसऱ्या अटीत बसेना. पण सरकारी कागदावर तिचा कार्बन डायऑक्साइड ४९ ग्रॅम होता. एका ग्रॅमने तिचा ‘ई’ टिकला.

या ४९वरून माझा आणि मामाचा चांगलाच वाद झाला. मामाची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेली. चासीवर बॉडी चढवण्यापासून इंजिन ओव्हरहॉलपर्यंत सगळं त्याने हाताने केलंय. मी ड्युसेलडॉर्फजवळ गाड्यांच्या कंट्रोल सॉफ्टवेअरचं काम करते. इंजिन कधी सुरू व्हावं आणि मोटर कधी लागावी, असले निर्णय घेणारं सॉफ्टवेअर. ऱ्हाइनच्या पलीकडे, ओबरकासेलमध्ये, ओळखीच्या एका गृहस्थांकडे आय-एट आहे. मामा आलाय कळल्यावर त्यांनी गॅरेज उघडलं आणि म्हणाले, हवं तेवढं बघा.

आय-एटचं दार वर उघडतं. ते उघडलं की उंबऱ्यावर कार्बन फायबरची वीण तशीच उघडी दिसते, काळी, तिरपी, वर नुसता पारदर्शक थर. मामाने आधी तिच्यावर बोट फिरवलं, मग बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकला.

“पत्र्याचा आवाज नाही हा.”

“प्रवासी बसतात तो सगळा सांगाडा कार्बन फायबरचा आहे, मामा. त्याचे धागे अमेरिकेत मोझेस लेक नावाच्या गावी बनायचे, जलविद्युतवर. गाडी जोडली जायची लाइपझिगला. खाली ॲल्युमिनियमची चासी. म्हणून बॅटरी, मोटर, इंजिन सगळं धरूनही वजन १,५०० किलोच्या आत राहिलं.”

“इंजिन कुठंय?”

“सीटच्या मागे. पुढच्या चाकांना मोटर, १३१ हॉर्सपॉवरची. मागच्या चाकांना इंजिन, २३१ हॉर्सपॉवरचं. आणि बॅटरी मधल्या कण्यात, दोन सीटच्या मधून लांब गेलेली.”

“सिलिंडर?”

“तीन. दीड लिटर.”

मामा सरळ उभा राहिला. “तीन सिलिंडर तर आपल्या मारुती ८००ला होते.”

“हो. इथे दीड लिटरमधून २३१ काढलेत. टर्बो आहे. त्याच घराण्यातलं इंजिन साध्या मिनी गाडीतही बसतं.”

“इंजिन मधे ठेवायचा एवढा अट्टहास कशाला? मागे कप्पा बघ, एक बॅगही नीट मावायची नाही.”

“वळणासाठी. दोन टोकांना ओझं बांधलेली कावड खांद्यावर घेऊन वळणारा माणूस आणि तेच ओझं पोटाशी धरून वळणारा माणूस, यांतला कोण पटकन वळेल? इंजिन आणि बॅटरी दोन्ही चाकांच्या मधे आली की गाडी स्टिअरिंगबरोबर वळते. वळणातून बाहेर पडताना पुढची मोटर ओढते, मागून इंजिन ढकलतं. शून्यापासून १०० पर्यंत ४.४ सेकंद.”

“बरं. आता बॉनेट उघड.”

“ते उघडत नाही. म्हणजे मालकाला उघडता येत नाही. तिथे विजेची यंत्रणा आहे, सर्व्हिस सेंटरवालेच उघडतात.”

मामाचा चेहरा उतरला. त्याची निराशा मला कळत होती. दापोडीत शिकाऊ पोराला पहिला धडा हाच असतो की आधी उघडून बघ, मग बोल. तो म्हणाला, “मालकाला ज्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाही, ती त्याची कशी म्हणायची? हिच्यात इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, टर्बो आहे, मोटर आहे, मोटरला परत वेगळा दोन गिअरचा डबा आहे, बॅटरी आहे, ती थंड ठेवायची सोय आहे. बिघडायच्या जागा मोज. गाडी एक आणि मेंटेनन्स दोन गाड्यांचा.”

त्याचं हे म्हणणं खोटं नाही. पण बिघाडाच्या जागा मोजताना यंत्र काय करू शकतं तेही मोजावं लागतं, आणि ते गाडी चालल्याशिवाय कळत नाही. मालकांनी त्याला शेजारी बसवलं, गाडी विजेवर टाकली आणि ते ऱ्हाइनच्या पुलावरून क्योनिग्सआलेकडे निघाले. मी उ-बान, म्हणजे इथली मेट्रो, पकडली.

क्योनिग्सआलेला इथले लोक नुसतं ‘क्यो’ म्हणतात. मधे पाण्याचा कालवा, कडेने झाडांच्या रांगा, एका बाजूला बँका आणि दुसऱ्या बाजूला महागडी दुकानं. हा रस्ता पूर्वी चेस्टनटच्या झाडांच्या नावाने ओळखला जायचा. १८४८मध्ये प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म इथून जात असताना लोकांनी त्याच्यावर घोड्याची लीद फेकली, आणि पुढे १८५१मध्ये राजाची मर्जी राखण्यासाठी रस्त्याला राजाचं नाव दिलं गेलं. आज राजे नाहीत, पण संध्याकाळी हा रस्ता मिरवणुकीचाच असतो. भाड्याच्या किंवा स्वतःच्या स्पोर्ट्स कार घेऊन पोरं चकरा मारतात, सिग्नलला उभं राहून उगाच ॲक्सिलरेटर दाबतात, सायलेन्सरमधून फटाके काढतात. पोलिसांच्या तपासण्या होतात, गाड्या जप्तही होतात. रस्त्यावर शर्यत लावणं २०१७पासून जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. याच शहरातल्या क्राफ्टवेर्क या बँडने १९७४मध्ये ‘आउटोबान’ नावाची रचना केली, तिची सुरुवात गाडीचं दार लागण्याने आणि इंजिन सुरू होण्याने होते. इंजिनाच्या आवाजाचं प्रेम इथलं जुनं आहे. त्या प्रेमापायी क्योवर वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या माणसांची झोप मोडते, आणि हे मला मुळीच क्षम्य वाटत नाही.

आय-एट आली ती टायरच्या सळसळीने. मामा उतरला तेव्हा खूश होता, लपवत नव्हता.

“पिकअप जबरदस्त आहे. आणि गिअर बदलल्याचं कळतच नाही. पूल ओलांडला, सिग्नल लागला, परत निघालो, इंजिन सुरूच झालं नाही. पण तू माझ्याआधी पोचलीस.”

“सिग्नल लागले तुम्हाला. पण आवाज?”

“आवाज नाही, धूर नाही. मान्य.”

“मग हेच मी म्हणतेय. या रस्त्यावर रोज जी गाडी गर्जना करत फिरते, तीच गाडी असं शांतपणे जाऊ शकते. वेग आणि शांतता एकाच यंत्रात बसवणं ही किती मोठी कामगिरी आहे! आता तर युरोपात नियमच आहे की विजेवर हळू चालणाऱ्या नव्या गाडीने २० किलोमीटरच्या वेगापर्यंत मुद्दाम थोडा आवाज काढायचा, नाहीतर पायी चालणाऱ्याला कळणार नाही.”

“जाऊ शकते म्हणालीस. जाते म्हणाली नाहीस.”

वादाला खरं तोंड इथे फुटलं. आम्ही कालव्याच्या कठड्यापाशी उभे होतो. मालक गाडी घेऊन त्यांच्या कामाला गेले.

“मामा, हे गृहस्थ रोज रात्री चार्ज करतात. खालच्या गॅरेजमध्ये सॉकेट आहे त्यांचं.”

“सद्गृहस्थ आहेत. पण केबल लावलीच नाही तर? गाडी थांबते का?”

“नाही. इंजिनवर चालते.”

“आणि ‘ई’ जातो का?”

“नाही.”

“मग हे यंत्र ड्रायव्हरच्या चांगुलपणावर चालतं. आमच्याकडे असं यंत्र पास झालं नसतं. ब्रेकमधली हवा कमी झाली की गाडीने स्वतः थांबलं पाहिजे, ड्रायव्हरला आठवण राहील म्हणून सोडून देता येत नाही. तू म्हणतेस ४९ ग्रॅम. ते मोजले कसे, ते सांग.”

मी त्याला सूत्र सांगितलं. मला ते पाठ आहे आणि त्याच्याबद्दल मनात राग आहे. जुन्या युरोपीय चाचणीत प्लग-इन गाडीची बॅटरी भरून ती विजेवर किती जाते ते बघायचे. आय-एट ३७ किलोमीटर गेली. मग असं धरून चालायचं की बॅटरी संपल्यावर माणूस आणखी २५ किलोमीटर पेट्रोलवर जाईल आणि लगेच परत केबल लावेल. ३७ आणि २५ मिळून ६२. पेट्रोल जळणार फक्त २५ किलोमीटरचं, पण ते वाटायचं ६२ किलोमीटरवर.

मामाने खिशातून पेन काढलं आणि मेट्रोच्या नकाशामागे हिशेब मांडला. “कागदावर पेट्रोल किती?”

“१०० किलोमीटरला २.१ लिटर.”

“२.१ गुणिले ६२, भागिले २५.” त्याने गुणाकार केला. “५.२. म्हणजे इंजिनवर ही गाडी १०० किलोमीटरला पाच लिटरच्या वर पिते, तेही टेस्ट बेंचवर. आणि ४९चे होतात १२१.५. मग ४९ ग्रॅम गाडीतून आले नाहीत, त्या २५मधून आले. तुम्ही २५च्या जागी १०० धरले असते तर?”

“तर ८९ ग्रॅम. ‘ई’ गेला असता.”

“बघ.”

“पण मामा, २५चा आकडा बाजूला ठेव. ६२ किलोमीटरमधले ३७ विजेवर जाणं ही काही फसवणूक नाही. जो माणूस सकाळी ओबरकासेलहून निघून शहरात येतो आणि संध्याकाळी परत जातो, त्याचं सगळं जाणं-येणं ३७च्या आत बसतं. त्याच्यासाठी ही गाडी खरोखर विजेची गाडी आहे. आणि ती वीज तरी बघ. या शहराच्या बंदरात लाउसवार्डला गॅसवर चालणारं वीजकेंद्र आहे. तिथला फोर्टुना नावाचा संच २०१६मध्ये सुरू झाला, तो इंधनातली ६१ टक्क्यांहून जास्त ऊर्जा विजेत उतरवतो. शिवाय उरलेल्या उष्णतेने शहरातली घरं गरम करतात. थांबत-थांबत चालणारं पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा पाव हिस्साही चाकांपर्यंत नेत नाही.”

६१ टक्के ऐकून मामा थोडा वेळ गप्प झाला. इंजिनाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या आकड्याची किंमत कळते. मग म्हणाला, “आणि ते नैर्ऋत्येला धुराचे लोट दिसतात, तिकडे काय आहे?”

“कोळसा. लिग्नाइट. नॉयराथचं वीजकेंद्र आणि गार्त्सवायलरची उघडी खाण. २०३०मध्ये बंद करायचं ठरलंय.”

“म्हणजे त्या सॉकेटमध्ये दोन्ही आहेत.”

“दोन्ही आहेत. पण देशातली निम्म्याहून जास्त वीज आता वारा, ऊन, पाणी अशा स्रोतांतून येते. आणि सॉकेटमधली वीज दर वर्षी थोडी स्वच्छ होत जाते, टाकीतलं पेट्रोल नाही. गाडी जुनी होते तसा तिचा धूर कमी होत जाईल, असं इंजिनाच्या बाबतीत कधी झालंय का?”

“नाही झालं,” मामा म्हणाला. “पण मला एक सांग. हे शहर हवेसाठी कोर्टात गेलं होतं म्हणालीस ना?”

शहर गेलं नव्हतं, शहराच्या हवेसाठी पर्यावरण संघटना गेली होती. २०१६मध्ये ड्युसेलडॉर्फच्या प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला आणि २७ फेब्रुवारी २०१८ला लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो उचलून धरला. नायट्रोजन डायऑक्साइडची मर्यादा, घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, पाळता येत नसेल तर जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालता येते, असा तो निकाल. स्टुटगार्ट आणि ड्युसेलडॉर्फ या दोन शहरांवरून सगळ्या जर्मनीसाठी कायदा स्पष्ट झाला. आय-एट तेव्हा त्याच लाइपझिगमध्ये बनत होती. इथे बंदी टाळायची म्हणून पालिकेने २०१९मध्ये काही रस्त्यांवर ‘उमवेल्टश्पूर’, म्हणजे पर्यावरण मार्गिका आखल्या. सायकल, बस, टॅक्सी आणि विजेच्या गाड्या अशांनाच तिथे प्रवेश. बाकीच्यांची रांग लागली, आरडाओरडा झाला, निवडणुकीत तो मुद्दा बनला आणि नव्या महापौरांच्या काळात, २०२१मध्ये, हा प्रयोग आवरता घेतला गेला.

“म्हणजे बसच्या मार्गिकेत ‘ई’वाल्यालाही जाता येत होतं?” मामाने विचारलं.

“हो.”

“आणि त्याची बॅटरी रिकामी असली तरी?”

“कोण बघणार?”

“मला इंजिन थंड असतानाची काळजी वाटते,” तो म्हणाला. “कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. तुझी गाडी अर्धा तास विजेवर शांत चालली, मग ड्रायव्हरने एकदम पाय दाबला, थंड इंजिन भर लोडवर सुरू झालं. तो पहिला धूर सगळ्यांत घाण.”

हे त्याने अचूक पकडलं. माझ्या कामाचा मोठा भाग याच क्षणाभोवती फिरतो. इंजिन आधीच हलकं सुरू करून कन्व्हर्टर तापवून घ्यायचा, तोवर ओढायचं काम मोटरवर टाकायचं. होतं ते, पण त्यासाठी बॅटरीत काही शिल्लक लागते, म्हणजे परत केबलपाशीच येतो.

मग मी त्याला ते सांगितलं, जे प्लग-इनच्या बाजूने बोलणाऱ्याला सांगायला आवडत नाही. कार्ल्सरूहची फ्राउनहोफर संस्था आणि आयसीसीटी ही वाहतुकीवर संशोधन करणारी संस्था यांनी २०२२मध्ये युरोपातल्या प्लग-इन गाड्यांचा प्रत्यक्ष वापर तपासला. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाड्या १०० किलोमीटरला ४ ते ४.४ लिटर पेट्रोल पितात. कंपनीने दिलेल्या गाड्या ७.६ ते ८.४ लिटर. कागदावरच्या आकड्याच्या किती तरी पट. २०२४मध्ये युरोपीय आयोगाने लाखो गाड्यांच्या नोंदी बघून सांगितलं की प्लग-इन गाड्या प्रत्यक्षात कागदापेक्षा सरासरी साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडतात.

“कंपनीच्या जास्त का?” मामाने विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. “पेट्रोल कंपनीचं, वीज घरची.”

“अगदी तेच. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं. घरच्या विजेचं बिल मात्र कित्येकांना स्वतः भरावं लागतं. आणि अटीत बसणारी कंपनीची प्लग-इन गाडी घरी वापरली तर त्यावरचा कर २०१९पासून निम्मा. केबल न लावताही निम्मा.”

“आमच्या डेपोत केपीटीएल असायचा,” मामा म्हणाला. “१० लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली. पंपावर भरलेलं डिझेल आणि प्रत्यक्ष पळालेले किलोमीटर, बस्स. ड्रायव्हर चांगला की वाईट, गाडी नवी की जुनी, कारखान्याने काय सांगितलं, कुणी विचारत नसे. केपीटीएल पडला की गाडी वर्कशॉपला आणि ड्रायव्हर साहेबांपुढे. तुमच्या एवढ्या शहाण्या देशात टाकीत किती ओतलं ते कुणी मोजत नाही?”

“मोजतात. २०२१पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ही नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. आयुष्यभरात किती इंधन जाळलं, प्लग-इन असेल तर किती किलोमीटर विजेवर गेली, सॉकेटमधून किती वीज घेतली, सगळं गाडीतच लिहिलेलं असतं. आयोगाला ते साडेतीन पट त्यातूनच कळलं.”

मामा माझ्याकडे बघत राहिला. “आकडा गाडीत आहे, आणि ‘ई’ देताना तो कुणी वाचत नाही?”

“नाही वाचत. ‘ई’ आणि कर, दोन्ही कारखान्याच्या कागदावरून.”

“मग भांडण गाडीशी नाहीच आपलं.”

माझं तर आधीपासून नव्हतं. गाडी काय करू शकते यावर पदवी द्यायची आणि ती काय करते हे बघायचंच नाही, या पद्धतीने चांगल्या यंत्राचं नाव बदनाम होतं. मी त्याला आणखी एक सांगितलं. बीएमडब्ल्यूने २०२०पासून आपल्या प्लग-इन गाड्यांत अशी सोय दिली की शहराच्या पर्यावरण क्षेत्रात शिरताच गाडी जीपीएसवरून ओळखते आणि बॅटरीत वीज असेल तर आपोआप विजेवर जाते. म्हणजे ड्रायव्हरच्या चांगुलपणाचा प्रश्न निम्मा सुटतो. आय-एट मात्र २०२०च्या जूनमध्ये बंद झाली, वीस हजारांहून थोड्या जास्त गाड्या बनवून. तिच्या वाट्याला हे आलं नाही.

मग मामा त्याच्या खऱ्या मुद्द्यावर आला. मला माहीत होतं तो येणार.

“ते सगळं ठीक. पण दोन माणसांसाठी एवढं? तुझ्या त्या गाडीत बॅटरी किती?”

“७.१ किलोवॉट-अवर.”

“आणि शहरातल्या विजेच्या बसमध्ये?”

“मोठ्या बसमध्ये तीनशेच्या आसपास.”

“म्हणजे चाळीसएक आय-एटच्या बॅटऱ्या गोळा केल्या की एक बस. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि १ जून २०२२ला त्याच मार्गावर ‘शिवाई’, विजेवरची पहिली एसटी. मला विचारशील तर गेल्या दहा वर्षांत झालेलं मोठं काम ते. पोरी, एवढी हुशारी तुम्ही लोकांनी बसला लावली असती तर?”

“लावली नाही कशावरून? आय-एटमधली योजना, इंजिन एका टोकाला आणि मोटर दुसऱ्या टोकाला, तीच बीएमडब्ल्यूने २०१५मध्ये उलटी करून घरगुती गाडीत बसवली. इंजिन पुढे, मोटर मागे, मुलांना शाळेत सोडायची, बाजारहाट करायची गाडी. इंजिन तेच तीन सिलिंडरचं. महाग गाडीवर चुका करून घेतल्या म्हणून स्वस्त गाडीत त्या झाल्या नाहीत. आणि उलट बाजूही बघ. नुसत्या विजेवरच्या स्पोर्ट्स कारमध्ये ८०-९० किलोवॉट-अवरची बॅटरी असते. तेवढ्या सेलमध्ये बारा आय-एट झाल्या असत्या, आणि बाराही जणांनी रोजचं जाणं-येणं विजेवर केलं असतं. छोटी बॅटरी रोज पुरी वापरणं हे मोठी बॅटरी उगाच वाहून नेण्यापेक्षा काटकसरीचं नाही का?”

“केबल लावली तर.”

“लावली तर.”

दोघांनाही थोडं हसू आलं. कालव्याच्या पलीकडून एक लाल फेरारी जात होती, २९६ जीटीबी. मी मामाला सांगितलं की हीदेखील प्लग-इन आहे आणि हिचंही इंजिन मधेच आहे. व्ही-सिक्स, ६६३ हॉर्सपॉवर, सोबत १६७ हॉर्सपॉवरची मोटर, विजेवर २५ किलोमीटर. लाम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो, मॅकलारेनची आर्टुरा, सगळ्या याच वाटेने गेल्या. २०१३च्या पोर्शे ९१८ स्पायडरने वाट पाडली होती, व्ही-एट इंजिन आणि दोन मोटर. पोर्शेने त्या मोजून ९१८ बनवल्या.

“हिच्या प्लेटवर ‘ई’ दिसत नाही,” मामा बारकाईने बघत म्हणाला.

“मिळत नाही. कागदावर १४९ ग्रॅम आहेत आणि २५ किलोमीटर पुरत नाहीत. मला याचंच वाईट वाटतं, मामा. आय-एटने मोटर आणि बॅटरी बसवली ती इंजिन लहान करण्यासाठी. तीन सिलिंडरवर भागवायचं, उरलेलं विजेने करायचं. यांनी इंजिन दणदणीतच ठेवून वर वीज चढवली, आणखी वेगासाठी. रेव्हुएल्टोत तर साडेसहा लिटरचं व्ही-ट्वेल्व्ह आणि बॅटरी जेमतेम ३.८ किलोवॉट-अवरची. स्पोर्ट्स कारमध्ये आय-एटचा विचार कुणी पुढे नेलाच नाही.”

“मला ही जास्त आवडली,” मामा म्हणाला.

“फेरारी? तू एसटीचा माणूस असून?”

“ही काही मागत नाही. पार्किंग मागत नाही, करात सूट मागत नाही. वेगासाठी आहे म्हणते आणि वेगासाठीच आहे. तुझी गाडी चांगली आहे, पण तिने सरकारकडून पाठ थोपटून घेतली, काम दाखवायच्या आधी.”

“पण २९६ची बॅटरी आय-एटच्या मूळ बॅटरीपेक्षा थोडी मोठीच आहे, मामा. रोजच्या शहरातल्या फेरीला २५ किलोमीटर पुष्कळ झाले. तिच्या मालकाने ठरवलं तर तोही आठवडाभर पेट्रोलचा थेंब न जाळता क्योवर येऊ शकतो.”

“मग दोघांनाही एकच माप लाव. गाडीतली नोंद वर्षातून एकदा वाच. किती जाळलं, किती सॉकेटमधून घेतलं. त्यावर ‘ई’, त्यावर कर. पुढच्या वर्षी परत.”

“म्हणजे फेरारीवाल्याने रोज केबल लावली, तर त्यालाही ‘ई’ द्यायचा?”

मामाने क्षणभर विचार केला. “द्यायचा. केपीटीएल चांगला आला तर ड्रायव्हर कोणाचा कोण, असं आम्ही डेपोत विचारत नव्हतो.”

“आणि उद्या पालिकेने मार्गिका परत आखल्या, तर तिथेही?”

“तिथे नाही,” तो म्हणाला. “पार्किंग दे, करात सूट दे. बसची मार्गिका बसला राहू दे.”